सहा पाहुणे आणि एक रिकामी ओळ

यशवंत ओव्हाळ सरांशी माझी ओळख झाली, ती मी त्यांची टिंगल करायला गेलो होतो तेव्हा. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मलाही कळतं. पण संपादक मंडळाने पत्रात 'प्रथम परिचयापासून आरंभ करावा' असं लिहिलं आहे, आणि प्रथम परिचय असाच झाला. त्याला माझा इलाज नाही.

लोणावळ्याच्या एका साप्ताहिकात मी गेली वीसेक वर्षं तिरकस सदर लिहितो. आठवड्याला एक माणूस नाहीतर एक संस्था सापडली की माझं भागतं. कार्ल्याच्या वाचनालयाने त्या सुमारास दाराबाहेर फलक लावला होता: 'वाचकांसाठी सहा संगणक उपलब्ध.' मी आत जाऊन पाहिलं. दोन पडदे, दोन कळफलक आणि टेबलाखाली घरघरणारा एक मोठा डबा. कपाटाला पाठ टेकून, जमिनीवर मांडी घालून एक गृहस्थ वहीत काहीतरी लिहीत होते.

"बाकीचे संगणक कुठे आहेत?" मी विचारलं. आवाजात जेवढा म्हणून खवचटपणा आणता येतो तेवढा आणला होता.

"आतच हायेत की."

"कशाच्या आत?"

त्यांनी पेनाने डबा दाखवला. माझ्या डोक्यात सदराचा मथळा तयार झाला. तेवढ्यात सरांनी मान वर करून विचारलं, "तुमी लोनावळ्याचे ना? मग तुमाला सांगायला सोपं. तुमच्याकडं शनवारी येकाच बंगल्यात चार पार्ट्या उतरवत्यात का न्हाई? परत्येकाला वाटतं, बंगला आपलाच. बंगला येकच, पान्याची टाकी येकच, मीटर येकच. तसं ह्यात सहा पाहुने उतरवल्यात. फरक येवढाच, की हितं कुनी दंगा करत न्हाई आन् कुनी कुनाच्या खोलीत घुसत न्हाई."

संगणकाच्या आत कागदोपत्री नव्हे, खरोखर चालणारे सहा संगणक. त्यांना इंग्रजीत व्हर्च्युअल मशीन म्हणतात; सर 'पाहुणे' म्हणतात आणि खालच्या खऱ्या यंत्राला 'यजमान'. त्या आठवड्याचं सदर मी लिहिलं, पण ते बंगल्यांवर लिहिलं, आणि वाचनालयात जाऊ-येऊ लागलो.

सर मूळचे बेडशाचे. वडील रेल्वेत गँगमन. आयटीआयमधून वीजतंत्री झाल्यावर सरांनी तळेगावजवळच्या एका कारखान्यात देखभाल विभागात अठ्ठावीस वर्षं काढली. संगणक त्यांना कुणी शिकवला नाही. कारखान्यातली यंत्रं संगणकावर चालू लागली, ती बिघडली की पुण्याहून साहेब येईपर्यंत सगळे हात बांधून बसत, आणि सरांना हात बांधून बसणं जमत नाही. ते लिनक्स ही संगणक चालवणारी प्रणाली शिकले, मग त्यावर अशी पाहुणेयंत्रं उभी करायला शिकले. कारखान्याने जुना सर्व्हर, म्हणजे हाच डबा, भंगारात काढायचं ठरवलं तेव्हा त्यांनी तो वाचनालयासाठी मागून घेतला, टेम्पोत घालून आणला आणि त्यावर सगळी व्यवस्था मुक्त प्रणालींची बसवली. म्हणजे ज्यांची रचना कुणालाही उघडून वाचता येते, सुधारता येते आणि दुसऱ्याला देता येते अशा.

हा त्यांचा हट्ट नव्हे, विचार आहे. एकदा एका कंपनीचा टाय लावलेला प्रतिनिधी वाचनालयात आला. त्याने पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. आमचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, चित्रांनी पार विरघळले. सरांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "कुलूप लय भारी हाय. किल्ली कुनाकडं ऱ्हानार?" प्रतिनिधी म्हणाला, किल्ली कंपनीकडे, पण तुम्ही फोन केलात की आम्ही लगेच उघडून देऊ. "मंजे आमच्या घरात शिरायला आमी फोन लावायचा," सर म्हणाले आणि त्याला चहा दिला. आबा पुढे आठवडाभर चित्रांची आठवण काढत होते.

सहा पाहुण्यांपैकी एकावर पुस्तकांची सूची, एकावर पोलीस भरतीच्या सराव परीक्षा, असं प्रत्येकाचं काम ठरलेलं. त्यातल्या एकाचं नाव सरांनी 'मोडायचं' असं ठेवलं आहे. त्याचं काम एवढंच, की शिकणाऱ्यांनी ते मोडावं. परंदवडीच्या बचत गटातल्या एक मावशी पहिल्या दिवशी कळफलकाला हात लावेनात.

"सर, मोडलं मंजी?"

"मोडायलाच ठिवलंय, मावशी. तुमी मोडा, मी परत उबं करतो."

"खरंच मोडू?"

"तुमच्या घरी सून जेवढी भ्येत न्हाई, तेवढ्या तुमी ह्याला भेताय."

मावशींनी मग अशा काही कळा दाबल्या की पडदा काळा झाला. सरांनी आदल्या स्थितीची साठवून ठेवलेली नक्कल पुन्हा उभी केली. मिनिटभरात सगळं जागच्या जागी. मावशी म्हणाल्या, "आता पुन्यांदा मोडते." आज त्या गटाचा सगळा पत्रव्यवहार त्याच करतात. आपल्या तालुक्यात मोडून ठेवलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत. मोडण्यासाठी मुद्दाम उभी केलेली आणि रोज धडधाकट होणारी ही एकच.

पण सरांचं ज्या कामाशी नाव जोडलं गेलं आहे, तो पाहुणा सहावा. त्यासाठी आधी केदारी बाईंबद्दल सांगायला हवं.

कुसुम केदारी बाई बेडशाच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. सर चौथीत त्यांच्याच हाताखाली होते. निवृत्तीनंतर बाई कार्ल्याला राहायला आल्या आणि मावळातले शब्द गोळा करू लागल्या. भाताचं खाचर, रोपांची दाढ, पावसातलं इरलं, हे तुम्हा-आम्हाला निदान ऐकून माहीत असतात. बाईंकडे असे हजारो होते, प्रत्येकापुढे अर्थ, कोणत्या गावात कोणाच्या तोंडून ऐकला ते नाव, आणि एक वाक्य. हे सगळं त्यांनी एका जुन्या संगणकावर, एका जुन्या टंकलेखन प्रणालीत, आता कुणी वापरत नाही अशा फाँटमध्ये टंकलं होतं. मग तो संगणक एक दिवस चालू होईना. नव्या संगणकावर ती प्रणाली बसेना. बाईंची दृष्टी तोवर अधू होऊ लागली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याएवढी वर्षं त्यांच्यापाशी नव्हती, आणि ज्यांच्या तोंडून शब्द घेतले ती बरीचशी माणसंही राहिली नव्हती.

सरांनी जुन्या संगणकातली डिस्क काढली, तिची जशीच्या तशी नक्कल घेतली आणि तो अख्खा जुना संगणक, त्याच्या सगळ्या खोडींसकट, डब्यात पाहुणा म्हणून उभा केला. बाईंना खुर्चीवर बसवलं. बाईंनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "यशवंत, हा माझा नाही."

"तुमचाच हाय, बाई."

"माझ्याची तारीख कायम चुकलेली असायची. ह्याची बरोबर आहे."

जुन्या यंत्रातली घड्याळाची बॅटरी संपलेली होती. पाहुण्याला तारीख यजमानाकडून मिळते. सरांनी गंभीरपणे विचारलं, "चुकीची करून देऊ?"

"राहू दे. एवढी सुधारणा चालेल."

पुढे बाईंना दिसेनासंच झालं. तेव्हापासून दर रविवारी सर त्यांच्याकडे जायचे, बाई सांगायच्या आणि सर आपल्या लॅपटॉपवरून त्या पाहुण्यात टंकायचे. चौथीतल्या विद्यार्थ्याला बाई अजूनही शुद्धलेखनावरून झापत, आणि साठीकडे निघालेले सर "व्हय बाई" म्हणून खोडत.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची, अवजारांची पूजा होते. वाचनालयात आम्ही पुस्तकांची करायचो. त्या वर्षी आबा म्हणाले, यंत्राचीही करू. सर त्या दिवशी पुण्याला डोळे तपासायला गेले होते. झेंडूची माळ आली, हळद-कुंकू आलं, मी साप्ताहिकासाठी फोटो काढायला आलो. डबा घरघरत होता.

"चालू मशीनीची पूजा करत न्हाईत," आबा म्हणाले. "कंपनीत पन आधी बंद करत्यात, मग कुंकू. बंद करा की ओ कुनीतरी."

स्विचच्या सगळ्यात जवळ मी होतो. मी तो बंद केला. तरी डबा चालूच, कारण वीज गेली तरी त्याला चालू ठेवणारी बॅटरी खाली होती, आणि ती आता केकाटू लागली. आरतीत व्यत्यय नको म्हणून मी तिचंही बटण दाबलं. एकदम शांत झालं. आबा म्हणाले, "आता कसं." मी फोटो काढला. तो छान आला होता.

मोडायला ठेवलेलं यंत्र त्या डब्यात एकच होतं. आधी नीट न निजवता एकदम वीज तोडून मी सहाही मोडायला घेतली होती.

पूजेला ठेवलेलं दसऱ्याच्या सकाळपर्यंत हलवायचं नाही, ही रीत आम्ही काटेकोर पाळली. दसऱ्याला सकाळी सर आले, माळ बाजूला ठेवली, डबा चालू केला. पाच पाहुणे कुरकुरत उठले. सहावा, बाईंचा, उठला नाही. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येऊन थांबली.

"कुनी बंद केलं?" सरांनी विचारलं.

आबा चटकन म्हणाले, "लाइट गेल्ती, सर."

मी तिथेच उभा होतो. मी काही बोललो नाही. एवढंच करून थांबलो असतो तरी बरं. पण त्या आठवड्याला सदराला विषय नव्हता, आणि मी वीजवाल्यांवर लिहिलं. ऐन सणात दिवे घालवणाऱ्यांवर. लोकांना आवडलं.

सरांकडे नकला होत्या. दर आठवड्याला ते घेत. पण गणपतीच्या सुमारास त्यांनी पद्धत बदलली होती. पाहुण्याला न थांबवता, चालता चालताच नक्कल घेत होते, आणि घेतलेली उघडून पाहिली नव्हती. त्या सगळ्या अर्धवट निघाल्या. शेवटची धड नक्कल गणपतीच्या आधीची. म्हणजे बाईंचा जवळजवळ सगळा संग्रह वाचला, पण मधल्या रविवारी सांगितलेले दीडएकशे शब्द गेले.

सर बाईंना सांगायला गेले तेव्हा मला सोबत घेऊन गेले. का, ते मला तेव्हा कळलं नाही. बाईंनी दोघांना पोहे दिले. सर म्हणाले, "बाई, चूक माजी हाय. नक्कल घेत व्हतो, उघडून बघत नव्हतो. आन् स्विचवर पाटी लावायला पायजे व्हती, ती लावली नव्हती."

"पण वीज गेली होती ना?" बाई म्हणाल्या. "मला सदर वाचून दाखवलं शेजारच्यांनी. चांगलं लिहिलंय हो तुम्ही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी पोहे खाल्ले.

सरांना ठाऊक होतं का? बॅटरीचं यंत्र स्वतःची नोंद ठेवतं: वीज बाहेरून गेली की आतलं बटण कुणी हाताने दाबलं, आणि किती वाजता. हे मला पुढे वर्षभराने कळलं. सरांनी ती नोंद दसऱ्यालाच वाचली असणार. काही दिवसांनी स्विचवर लाल पाटी लटकलेली दिसली, कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी लावतात तशी: 'आधी पाहुणे, मग यजमान, मग स्विच.' त्याखाली क्रम लिहिलेला. मी ती वाचत होतो तेव्हा सर मागून म्हणाले, "अवो लेखक, फुडच्या खंडेनवमीला तुमी हजर ऱ्हावा. बंद करायचं काम तुमचं." एवढंच. आजपर्यंत त्या विषयावर ते माझ्याशी याहून एक अक्षर जास्त बोललेले नाहीत.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांवर जगलो. चूक दिसली की तिला टाचणी लावून चौकटीत छापायची, हा माझा धंदा. चूक दिसल्यावर ती करणाऱ्याच्या हातात कामाची यादी देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. कारखान्यातल्या गोष्टी सांगताना सर नेहमी म्हणतात, ज्या स्विचला कुणाचाही हात पोचतो, तिथे हात लावणाऱ्याला काय बोलायचं? पाटी लावणाऱ्याने लावायची. हे औदार्य आहे असं आपल्याला वाटतं. त्यांना ती देखभाल वाटते.

गेलेले शब्द पुन्हा मिळवायचे होते. सर पुन्हा रविवारी जाऊ लागले. बाई आठवून आठवून सांगायच्या. काही शब्द दुसऱ्यांदा अधिक चांगल्या वाक्यांसकट आले. काहींसाठी सर बाईंनी सांगितलेल्या गावी जाऊन आले. मीही दोन-तीनदा बरोबर गेलो. मला मोटार आहे, त्यामुळे माझा उपयोग होता. असे जवळपास सगळे परत आले. एक राहिला.

त्याचा अर्थ बाईंना पक्का आठवतो. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या वेळी चिखल तुडवून खाचरातलं पाणी गढूळ होतं. मग माणसं भाकरी खायला बांधावर बसतात, तेवढ्या वेळात ते पाणी वरून निवळतं आणि त्यावर एक पातळ साय धरते. त्या सायीला शब्द होता. ज्या म्हातारीने तो दिला, ती मधल्या काळात गेली. बाईंनी दोन महिने आठवून पाहिलं. शेवटी म्हणाल्या, "नाही येत रे यशवंत. जिभेवर नाही, कुठंच नाही."

"असू द्या बाई," सर म्हणाले. "जागा ठिवलीय."

आणि त्यांनी खरोखर ठेवली. ओळ आहे, अर्थ आहे, म्हातारीचं नाव आहे, वाक्यात मोकळी जागा आहे. शब्द नाही.

त्यानंतर वाचनालयात नवी रीत पडली. खंडेनवमीला मी पाटीवरच्या क्रमाने एकेक पाहुणा निजवतो, मग यजमान, मग स्विच. मग आबा कुंकू लावतात. सर स्वतः पूजेला नसतात. ती त्यांच्या घरची रीत नाही. पण पूजेची वेळ ते आपल्या वहीत लिहून ठेवतात आणि आबांना आदल्या दिवशी आठवण करतात. दसऱ्याच्या सकाळी शेवटची नक्कल एका कोऱ्या यंत्रात उभी करून उघडायची. त्यातला कुठलाही एक शब्द काढायचा आणि बाईंना फोन लावून वाचून दाखवायचा. बाई पलीकडून अर्थ सांगतात, तो पडद्यावरच्याशी जुळला की मगच आम्ही एकमेकांना आपट्याची पानं देतो. मागच्या वर्षी आबांनी वाचताना शब्दाची वाट लावली, तेव्हा बाईंनी त्यांना फोनवर तीनदा म्हणायला लावलं. आबा पंच्याहत्तरीला आलेत.

बाईंचा शब्दसंग्रह आता छापायला गेला आहे. जुन्या फाँटमधून नव्यात आणायचं कामही सरांनीच केलं, अक्षर अक्षर ताडून. मध्यंतरी मुद्रकाचा फोन आला, "सर, एका पानावर ओळ रिकामी सुटलीय."

"सुटलेली न्हाई," सर म्हणाले. "ठिवलीय."

मुद्रकाने विचारलं, तिथे फुली मारू का, वाचकांना चूक वाटेल. सर म्हणाले, "वाटू द्या. चूकच हाय ती."

कोणाची, ते त्यांनी सांगितलं नाही. हा गौरवग्रंथ निघणार म्हटल्यावर मला संपादकांनी हजार-दोन हजार शब्द मागितले. मला खरं तर चार शब्दच लिहायचे होते, बाकीचे त्यांच्यापर्यंत पोचायला लागले.

या ग्रंथाची पहिली प्रत केदारी बाईंना मिळणार आहे आणि रविवारच्या शिरस्त्याप्रमाणे ती त्यांना सरच वाचून दाखवतील. स्वतःच्या गौरवाचे लेख ते भराभर उलटतील हे मला माहीत आहे, पण बाई त्यांना उलटू देणार नाहीत. तेव्हा सर, इथे अडखळू नका, हेही मोठ्याने वाचा: बाई, वीज गेली नव्हती. स्विच मी बंद केला होता. ती ओळ माझी आहे.

त्या शब्दासाठी सरांनी जागा ठेवली आहे आणि तो आला की बसवायला तेच हवेत. दुसऱ्या कुणाला बाई हात लावू देणार नाहीत. तेव्हा तो शब्द येईपर्यंत सरांनी धडधाकट राहावं, रविवारी कार्ल्याला जावं, शुद्धलेखनावरून बोलणी खावीत, आणि बाईंनी ती द्यावीत. आणि बाई, तुम्हाला तो आठवायची मला अजिबात घाई नाही.